खुकरीचे कॅप्टन



तुमच्यापैकी कितीजण भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून रेवसला गेले आहेत? गेले नसाल तर एकदा जरूर जा. मुंबई मागे राहते, समोर अलिबागकडचे डोंगर दिसू लागतात आणि वारा अंगावर येतो. मला हा प्रवास फार आवडत असे. पण १९८४ सालच्या मे महिन्यात या प्रवासात एक प्रसंग घडला. तो मी आजवर कोणत्याही वर्गात सांगितलेला नाही. आज तुम्हांला सांगणार आहे. मात्र आधी मला तुम्हांला एका नौदल अधिकाऱ्याची हकीकत सांगितली पाहिजे. तिच्याशिवाय माझा प्रसंग तुम्हांला नीट कळणार नाही.

१९७१ सालचा डिसेंबर महिना होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि तुमच्यासारखाच उर्दू शाळेत शिकत होतो. आम्ही माझगावात राहत होतो. अब्बा गोदीत फिटर होते. ३ डिसेंबरला भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध सुरू झाले. मुंबईत रोज रात्री ब्लॅकआऊट असे. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवले होते. मोटारींच्या दिव्यांनाही अर्धा काळा रंग लावलेला असे. भोंगा वाजला की अम्मी कंदील विझवायची आणि आम्ही सारी भावंडे अंधारात एकमेकांना चिकटून बसायचो. खरे सांगायचे तर आम्हां मुलांना भीतीपेक्षा मजाच जास्त वाटायची.

युद्ध संपण्याच्या सुमारास वर्गात एक बातमी आली. आपली 'खुकरी' नावाची युद्धनौका समुद्रात बुडाली आणि तिच्याबरोबर तिचे कॅप्टनही गेले. त्यांचे आडनाव मुल्ला. आम्ही मुले एकदम ताठ बसलो. मुल्ला! म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी! माझ्या शेजारचा मुलगा तर म्हणाला, की ते आमच्या गावचेच असणार.

आमचे उर्दूचे सर हसले. ते म्हणाले, "अरे, हे मुल्ला काश्मिरी पंडित. मुल्ला हे त्यांच्या घराण्याचे आडनाव आहे." आमचे चेहरे उतरलेले पाहून त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर एक शेर लिहिला. विचारले, "हा कोणाचा?" कोणालाच सांगता येईना. "आनंद नारायण मुल्लांचा," सर म्हणाले. "लखनौचे मोठे शायर. १९६४ साली उर्दूसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. कॅप्टन याच घराण्यातले. आता सांगा, ते आपल्यापैकी की नाहीत?"

आम्ही काय उत्तर दिले, ते मला आठवत नाही. पण ते नाव मात्र डोक्यात पक्के बसले. पुढे मोठा झाल्यावर जे जे वाचायला मिळाले ते मी वाचत गेलो.

महेंद्रनाथ मुल्ला यांचा जन्म १५ मे १९२६ रोजी उत्तर प्रदेशातील गोरखपूर येथे झाला. उत्तर प्रदेशात स्थायिक झालेल्या काश्मिरी पंडितांच्या अनेक घराण्यांत उर्दू ही घरातली भाषा होती. कॅप्टन मुल्लांनाही उर्दू शायरीची आवड होती, असे त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगत. १ मे १९४८ रोजी ते नौदलात अधिकारी झाले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आपले नौदलही लहान होते. मुल्लांनी वेगवेगळ्या जहाजांवर काम केले. 'राणा' या विनाशिकेचे ते कप्तान होते. पुढे लंडनला भारतीय उच्चायुक्तांच्या कचेरीत नौदलाचे उपसल्लागार म्हणून त्यांनी काही वर्षे काढली. तेथून आल्यावर मुंबईत किनाऱ्यावरची जबाबदारी सांभाळली. फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांनी खुकरीचा ताबा घेतला. घरी पत्नी आणि दोन मुली होत्या.

या नोकरीत तुम्हांला काही विशेष दिसते का? मला तरी दिसत नाही. बदली, बढती, पुन्हा बदली. नौदलात अशा कितीतरी अधिकाऱ्यांची नोकरी याच रीतीने पार पडते आणि ते निवृत्त होऊन घरी जातात. तेवीस वर्षे मुल्लांची नोकरीही अशीच चालली होती.

आता खुकरीविषयी थोडे. खुकरी म्हणजे गुरख्यांचा वाकडा सुरा, हे तुम्हांला ठाऊक असेल. तिच्या जोडीला आणखी दोन नौका होत्या. एकीचे नाव 'किरपाण' आणि दुसरीचे 'कुठार'. कुठार म्हणजे कुऱ्हाड. तिन्ही शस्त्रांचीच नावे! या तिन्ही नौका ब्रिटनमध्ये बांधलेल्या होत्या आणि त्यांचे मुख्य काम होते पाणबुड्या शोधून त्यांचा नाश करणे. पाणबुडी म्हणजे पाण्यात बुडी मारणारी नौका. तुम्ही उर्दूत तिला आबदोज म्हणता. या तीन नौकांचा ताफा कॅप्टन मुल्लांच्या हाताखाली होता.

पाण्याखालची पाणबुडी डोळ्यांना दिसत नाही. तिला शोधायचे कसे? त्यासाठी जहाजावर 'सोनार' नावाचे यंत्र असते. (दागिने घडवणारा सोनार वेगळा. हे नाव इंग्रजीतून आले आहे.) तुम्ही विहिरीत वाकून हाक मारली की तुमचाच आवाज परत येतो ना? तसेच हे यंत्र पाण्यात आवाज सोडते. तो पाणबुडीवर आपटून परत आला की तिचा पत्ता लागतो. पण खुकरीचे सोनार जुने होते. त्याचा आवाज फार लांब जात नसे. आपल्या अरबी समुद्रात आणखी एक अडचण आहे. वरचे पाणी ऊबदार आणि खालचे थंड असते, आणि अशा पाण्यात आवाजाची वाट वाकडी होते. उलट शत्रूची पाणबुडी नव्या बनावटीची होती. जहाजाला तिचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी तिला जहाज ऐकू येत असे.

या पाणबुडीचे नाव होते 'हंगोर'. तिचे कप्तान कमांडर अहमद तस्नीम होते. दीवच्या बाजूला एक पाणबुडी फिरते आहे, असे आपल्या नौदलाच्या लक्षात आले होते. ती शोधून नष्ट करा, असा हुकूम मुल्लांना मिळाला. ८ डिसेंबरला खुकरी आणि किरपाण मुंबईहून निघाल्या. कुठारवर बिघाड झाला होता, म्हणून ती बंदरातच राहिली. तिघींचे काम दोघींवर आले.

खुकरीच्या सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी तेव्हा एक नवा प्रयोग चालू होता. तो करणारा तरुण अधिकारी जहाजावरच होता. या प्रयोगासाठी जहाज हळू चालवावे लागे, कारण वेग वाढला की जहाजाचाच आवाज वाढतो आणि दुसरे काही नीट ऐकू येत नाही. पण हळू चालणारे जहाज पाणबुडीला सोपे सावज मिळते. म्हणजे नीट ऐकू यावे म्हणून हळू जायचे, आणि हळू गेले की धोका वाढायचा. यातले काय बरोबर होते, यावर नौदलातल्या जाणत्या माणसांनी पुढे पुष्कळ वाद घातला. माझ्यासारख्या शाळामास्तराने त्यात बोलू नये. एवढे मात्र मी म्हणेन, की जुनी हत्यारे देऊन माणसांना नव्या हत्यारांपुढे पाठवले, तर त्याचा हिशेब कोणीतरी मागितला पाहिजे. शूर माणसाचे गुण गाताना आपण तो हिशेब मागायला विसरतो.

९ डिसेंबरची रात्र. दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर दोन्ही नौका शोध घेत होत्या. हंगोरने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीवर सोडला. ८ वाजून ५० मिनिटांनी खुकरीच्या पोटात मोठा स्फोट झाला. दिवे गेले. जहाज एका बाजूला कलू लागले.

जहाजाच्या पोटात राहणे कसे असते, ते डोळ्यांसमोर आणा. खाली लहान लहान खोल्या असतात. वर येण्यासाठी अरुंद लोखंडी शिड्या आणि माणूस जेमतेम मावेल एवढी दारे असतात. काळोख झाला आणि जमीन तिरकी झाली, की हीच दारे कोठे आहेत ते हाताला लागत नाही. त्या रात्री खालचे पुष्कळ लोक वर येऊच शकले नाहीत.

कॅप्टन मुल्ला वर होते. कप्तान जेथे उभा राहून जहाज चालवतो, त्या उंच जागेला नौदलात ब्रिज म्हणतात. तेथून पाण्यात उडी मारणे त्यांना सहज शक्य होते. जहाज सोडा, असा हुकूम त्यांनी दिला. लोकांना बाहेर काढण्याची व्यवस्था ते शांतपणे पाहू लागले. जे घुटमळत होते, त्यांना त्यांनी अक्षरशः ढकलून पाण्यात उडी मारायला लावली. त्यांच्याजवळ स्वतःचे लाइफ जॅकेट होते. ते त्यांनी एका खलाशाला दिले. जेवढे लोक निघू शकत होते तेवढे निघाल्यावर ते पुन्हा ब्रिजवर गेले. आणखी कोणाला काढता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. वाचलेल्या लोकांनी त्यांना शेवटचे पाहिले ते तेथेच. जहाज त्यांच्यासह खाली गेले. हे सारे काही मिनिटांतच घडले. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस होते.

त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. किरपाणवरही पुन्हा हल्ला झाला होता. ती तेथे थांबली असती तर तिचीही तीच गत झाली असती. त्यामुळे पाण्यात पडलेल्या लोकांना संपूर्ण रात्र समुद्रातच काढावी लागली. १० डिसेंबरला मदत पोहोचली, तेव्हा ६७ जण जिवंत सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात जहाज बुडवल्याचा हा जगातला पहिलाच प्रसंग होता. कॅप्टन मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

मी ही हकीकत अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. एकदा आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, ते बुडाले का? जॅकेट दिले ते ठीक. पण त्यांना पोहता येत होते ना? उडी मारायची होती!" बाकीची मुले त्याच्यावर ओरडली. मी त्यांना गप्प केले, कारण प्रश्न खरा होता.

कप्तानाने जहाजाबरोबर बुडालेच पाहिजे असा नौदलाचा काही नियम नाही. कप्तानाने सर्वांच्या शेवटी निघावे, एवढीच जुनी रीत आहे. सर्वांच्या शेवटी म्हणजे केव्हा? खुकरीवर तो 'शेवट' कधी आलाच नाही. खाली माणसे अडकलेली होती. ती जिवंत आहेत तोवर कप्तानाची पाळी येत नाही. मला वाटते, मुल्लांनी मरायचे असे ठरवले नव्हते. अजून माझी पाळी आलेली नाही, इतकेच त्यांच्या मनात असावे. मी त्या मुलाला असे उत्तर दिले. त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. तो म्हणाला, "मी असतो तर उडी मारली असती." मी म्हणालो, "मीही."

वर्ग हसला. त्यांना वाटले, सर गंमत करीत आहेत.

आता माझा प्रसंग ऐका. त्या मे महिन्यात मी रेवसच्या लाँचमध्ये बसलो होतो. वय तेवीस. शिक्षकाची नोकरी नुकतीच लागली होती. माझ्या शेजारी अलिबागकडची एक म्हातारी बसली होती. तिच्याजवळ करवंदांची टोपली होती. मी तिला मावशी म्हणालो, तेव्हा तिने पळसाच्या पानावर मूठभर करवंदे काढून माझ्यापुढे धरली. पैसे घेईना. मी तिला माझ्या शाळेविषयी सांगत होतो.

अर्ध्या वाटेवर इंजीन बंद पडले. वारा वाढला होता. लाँच आडवी होऊन हेलकावे खाऊ लागली. एक मोठी लाट आली आणि पाणी आत आले. कोणीतरी ओरडले, "बुडते, बुडते!" एकच गोंधळ उडाला. तांडेल सांगत होता, की जागेवरून उठू नका, काही होत नाही. पण ऐकतो कोण? छताला मळकी लाइफ जॅकेटे टांगलेली होती. माणसे शंभराच्या आसपास असतील आणि जॅकेटे पंधरा-वीस. मी उंच आहे. माझा हात सहज पोहोचला. मी एक ओढून काढले आणि गळ्यात घातले. दोऱ्या बांधताना माझी बोटे थरथरत होती.

मग माझे लक्ष शेजारी गेले. मावशी टोपली घट्ट धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "घाल, बाबा. तू तरणा आहेस."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरे झाले असते, असे मला नंतर वाटत राहिले. मला जॅकेट काढून तिला देता आले असते. मी दिले नाही. मला पोहता येत होते, हेही तुम्हांला सांगून टाकतो. माझगावची मुले तेव्हा गोदीच्या बाजूला पोहायला शिकत. आणि ज्या कॅप्टनची हकीकत मला दहाव्या वर्षापासून पाठ होती, त्याची त्या वेळी मला आठवणसुद्धा झाली नाही.

वीस मिनिटांनी इंजीन सुरू झाले. लोक हसू लागले, एकमेकांची चेष्टा करू लागले. रेवसचा धक्का आला. मावशीची टोपली मी उचलून दिली. पानावरची करवंदे तशीच राहिली होती. ती मी खाल्ली नाहीत आणि टाकलीही नाहीत. रुमालात बांधून घरी नेली. तेथे ती नासून गेली.

त्या दिवसापासून खुकरीची हकीकत मला वेगळी वाटू लागली. आधी मला मुल्लांचे मरण मोठे वाटत असे. आता ते जॅकेट देणे मोठे वाटते. मरण तर त्या रात्री १९४ जणांना आले. पण अंगावरचे जॅकेट काढून दुसऱ्याच्या हातात देणे म्हणजे काय, ते ज्याने ते दिले नाही त्याला विचारा. तेवढ्या वेळात विचार करायला सवड नसते. हात आधी चालतो आणि मन मागून येते. मग मुल्लांचा हात तसा का चालला? तेवीस वर्षांच्या त्या साध्या, बिनचमत्काराच्या नोकरीत रोज कोणाची तरी पाळी आपल्या आधी धरण्याची सवय त्यांना लागली असेल का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तुम्हीही करून पाहा.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. नौदलात बुडालेल्या जहाजाचे नाव नव्या जहाजाला देण्याची रीत आहे. माझगावच्या गोदीत एक नवी युद्धनौका बांधली गेली आणि तिचे नाव 'खुकरी' ठेवण्यात आले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्या समारंभाला कॅप्टन मुल्लांच्या पत्नी सुधा मुल्ला उपस्थित होत्या. माझे अब्बा या नौकेवर काम करीत होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना लोखंडाचा वास येई. ते फारसे बोलत नसत. पण त्या दोन-तीन वर्षांत, "आज काय काम केलेत?" असे अम्मीने विचारले की ते फक्त "खुकरी" एवढेच म्हणत.

ही दुसरी खुकरी बत्तीस वर्षे समुद्रावर राहिली. २३ डिसेंबर २०२१ रोजी ती निवृत्त झाली आणि पुढच्या महिन्यात संग्रहालय करण्यासाठी दीवच्या प्रशासनाकडे देण्यात आली. अब्बा तोवर हयात नव्हते.

त्यानंतर एका हिवाळ्यात मी पत्नीसह दीवला गेलो. तेथे समुद्राकाठच्या एका टेकडीवर पहिल्या खुकरीचे स्मारक आहे. काचेच्या घरात त्या जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे आणि समोर समुद्र पसरला आहे. आम्ही तेथे बराच वेळ बसलो. नंतर दुसरी खुकरी पाहायला गेलो. लांबूनच पाहिली. उन्हात ती राखाडी आणि मोठी दिसत होती.

पत्नीने विचारले, "अब्बांनी केलेले काम यात कोठले?"

अब्बांनी एकदाच सांगितले होते, ते मला आठवले. मी म्हणालो, "ते येथून दिसणार नाही. ते पाण्याखालच्या भागात आहे."